मागून चालणारा म्हातारा

मला एका म्हाताऱ्याचा हेवा वाटायचा, आणि तो म्हातारा लॅपटॉपमध्ये होता. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लाजत बसायला नको.

लॅपटॉप माझ्या भावाचा. त्यानं नवा घेतला तेव्हा जुना मला दिला, "परीक्षेचा अभ्यास कर" म्हणून. मी भोरची, पदवी झालेली, लग्न होऊन सारोळ्यात आलेली, आणि तलाठ्याची परीक्षा देणार होते. देणार होते, देणार होते, असं चार वर्षं चाललं होतं. भावानं लॅपटॉपमधलं त्याचं सगळं पुसलं, पण एक खेळ पुसायचा राहिला. अभ्यास राहिला बाजूला, मी तो खेळच उघडून बसले.

त्या खेळात आपण एक लढवय्यी बाई व्हायचं. तलवार घेऊन डोंगर, जंगलं, गावं पालथी घालायची, लोकांची अडलेली कामं करायची, राक्षस मारायचे. वाटेत आपल्याला एखादा सोबती मिळतो आणि मग तो बरोबर राहतो. मला मिळाला तो पिकल्या दाढीचा, जरा वाकलेला एक भालेवाला. पाठीवर माझं सामान, हातात भाला, आणि चालायचा कायम माझ्या दोन पावलं मागे.

घरी आम्ही तिघं. नवरा टेम्पोनं भाजी घेऊन पहाटे पुण्याला जातो तो संध्याकाळी येतो. दिवसभर मी, सासूबाई आणि गोठ्यातली म्हैस. सासूबाई मूळच्या पासलीच्या, वेल्ह्याच्या डोंगरातल्या. बोलणं बेताचं. "झालं का?" "गॅस बंद केला का?" "दूध तापवलंस?" एवढ्यावर त्यांचा दिवस भागायचा. माझाही "हो आई", "केला आई", "तापवलं आई" एवढ्यावर. भांडण कधी झालं नाही. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. पण भांडायलासुद्धा दोन माणसांनी एकमेकींकडे बघावं लागतं.

म्हाताऱ्याकडे आठ वाक्यं होती. मी मोजली होती. "वाट ओली आहे, पाय जपून टाक." "ओझं जड झालंय." "थांबू या का?" "मागे कुणीतरी आहे." "माझ्या भावाला हे आवडलं असतं." आणि अशीच आणखी तीन. बोलायचा अर्थात इंग्रजीत. खेळातल्या बड्या पात्रांना प्रेम, सूड, घराण्याची भांडणं असं सगळं भरपूर वाढलेलं, आणि याच्या ताटात भाला आणि आठ वाक्यं. मला ते बघवेना. उरलेला म्हातारा मग मी माझ्या मनानं तयार केला.

माझ्या मते तो पूर्वी शाळामास्तर होता. फटकळ, पण मनानं चांगला. "वाट ओली आहे" हे तो एकाच सुरात म्हणायचा, पण आज त्यात काळजी आहे की टोमणा, ते मी ठरवायची. मी राक्षसाला पाहून पळाले की तो मला तलाठ्याच्या परीक्षेवरून चिडवायचा. आणि त्याला मी एक नववं वाक्य दिलं होतं. मी मुकाट खेळत असले की तो मागून विचारायचा, "आज गप्प का?" घरात ते कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्याला विचारायला लावलं. यात न कळण्यासारखं काही नाही.

एका दुपारी सासूबाई लसणाचे गड्डे घेऊन आल्या आणि माझ्या खुर्चीमागे चटई टाकून बसल्या. मी दचकून लॅपटॉप मिटायला गेले.

"चालू दे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं विचारलं, "ह्यो कोन?"

"माझ्याबरोबर असतो."

"काय म्हनला आत्ता?"

"ओझं जड झालंय म्हणाला."

"मंग घे की थोडं तुज्याकडं. म्हातारं मानूस हाय त्ये."

मी सांगून पाहिलं, की आई, हा खेळ आहे, त्याला खरंच जड होत नाही. त्यांनी लसूण सोलता सोलता तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मी त्याच्या पाठीवरच्या दोन लोखंडी ढाली टाकून दिल्या. तो बोलायचा थांबला. "बघ," सासूबाई म्हणाल्या, जणू चार वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदा काही धड झालं होतं.

मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, शेवग्याचा पाला घेऊन. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायचं सूप घेऊन. त्या रोज याव्यात म्हणून मी म्हाताऱ्याची वाक्यं वाढवू लागले. तो म्हणायचा, "थांबू या का?" मी सांगायची, "म्हणतोय, पोरी, ऊन लई झालं, जरा सावलीला टेक." तो भावाबद्दल बोलायचा, त्यावरून तो भाऊ मेलेला आहे हे उघड होतं. पण दुपारच्या वेळी मरणाचं कशाला काढा, म्हणून मी सांगितलं, "म्हणतोय, भावाला हे दाखवायला पाहिजे." झालं. भाऊ जिवंत झाला. त्या म्हाताऱ्याला बोलता मीच केला, आणि माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

कारण मग सासूबाईंनी त्याला हातात घेतला. हा पूर्वी मास्तर होता, असं मी एकदा बोलून गेले.

"मास्तर?" त्या हसल्याच. "ह्यो? आगं, हाताकडं बघ की त्याच्या. ह्यो भातवाला हाय." माझा मास्तर तिथल्या तिथे संपला. त्या जागी पासलीच्या शिवारातला एक माणूस उभा राहिला. त्याच्या टाचांना भेगा होत्या. एक गुडघा थंडीत धरायचा. त्याला नाचणीची भाकरी लागायची, गव्हाची पचायची नाही. बायको फार पूर्वी गेली होती, आणि तिच्या मागं त्यानं दुसरी केली नाही कारण पहिलीनं लावलेलं फणसाचं झाड अजून दारात होतं. हे सगळं त्या सूप पाखडता पाखडता सांगायच्या, शेजारच्या घरातलं सांगावं तसं. मी चित्रात डोळे ताणून बघायची. मला भाला आणि दाढी दिसायची.

एकदा मी म्हटलं, "हा कायम मागेच चालतो. पुढं हो म्हटलं तरी होत नाही. भित्रा दिसतोय."

"भित्रा न्हवं, शाना हाय," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या वरल्या आंगाला धनगरवाडा हुता. त्यातला सगळ्यात जुना मानूस कळपाच्या मागं चालायचा. म्होरं पोरंसोरं. मागनं चालनाऱ्याला पाठ दिसती. कोन लंगडतंय, कोन थकलंय, त्ये त्वांडावर न्हाई कळत, पाठीवर कळतं."

इतकं सलग त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. आणि बोलल्या त्या कुणाबद्दल, तर त्याच्याबद्दल.

हेवा तिथून सुरू झाला. चांगला सणसणीत. सकाळी मी उठून चूल, गोठा, भांडी करत असायची तेव्हा "झालं का?" आणि दुपारी चटईवर टेकल्या की पहिला प्रश्न, "जेवला का त्यो?" मी जेवले का, हे कुणाला पडलेलं नव्हतं. मी हिशोबच मांडला मनाशी. त्याची आठ वाक्यं आणि माझी आठ वाक्यं. त्याच्या आठ वाक्यांमागे या बाईनं फणसासकट अख्खा माणूस उभा केला. माझ्या "हो आई"मागे कुणी आहे का, हे चार वर्षांत डोकावून पाहिलं नाही. मला गव्हाची पचते की नाचणीची, हे तरी माहीत होतं का त्यांना?

त्यात एक दिवस भाकरीवरून झालं. मी परातीशी बसून पीठ मळत होते. त्या मागून आल्या आणि म्हणाल्या, "हो बाजूला. भाकरी म्या थापते." मी उठले आणि न्हाणीत जाऊन डोळे पुसले. माझ्या भाकरीला काठ चिरतात, हे मला ठाऊक होतं. पण असं उठवायचं? आणि त्याच दुपारी, मागे बसून, काय मवाळ आवाजात: "आज त्यो दमल्यावानी दिसतोय गं. लई पळवू नगंस."

मी मुद्दाम पळवला.

मग निघाली सावड. वेल्ह्याकडे भात लावणीला मजूर लावत नाहीत. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या वावरात, उद्या त्याच सगळ्यांनी आमच्या. त्याला सावड म्हणतात, आणि ती फेडली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. सासूबाईंनी एक दिवस सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "ह्यो तुज्यासाटी इतका राबतोय. तू त्याची सावड कवा फेडलीस?"

"खेळात सावड नसते आई."

"त्याचं गाव हाय का न्हाई?"

गाव होतं. नकाशाच्या अगदी कोपऱ्यात. तिथे कसलंही काम नव्हतं, बक्षीस नव्हतं, म्हणून मी कधी फिरकलेच नव्हते. एक बटण दाबून तिथे उडी मारता आली असती, पण सासूबाईंना ते पटेना, म्हणून दोन दुपारी चालत गेलो. चार घरं, एक विहीर. त्याच्या घराचं दार नुसतं रंगवलेलं, उघडणारं नव्हतंच. मी मनात म्हटलं, आता बघू काय करता.

"दार लावलंय," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "भाऊ लावनीला गेला आसंल. चल वावरात."

घरामागे हिरव्या रंगाचा एक तुकडा होता. मी माझ्या लढवय्यी बाईला त्यात उभी केली. नुसती उभी राहून चालेना. कामाला हात लाव म्हणाल्या. खेळात शेत लावायचं बटण नाही. पण लपण्यासाठी खाली वाकायचं बटण आहे आणि मागे सरकायचं आहे. भात लावणारी माणसं वाकून मागे मागेच सरकतात, हे मला एवढ्या वर्षांत ऐकून माहीत होतं. मी दोन्ही बटणं दाबून धरली. राक्षस मारणारी ती बाई, पाठीला तलवार लावून, वाकून मागे मागे सरकायला लागली. म्हातारा तिला जागा देत आणखी मागे सरकला.

"आस्सं!" सासूबाई खळखळून हसल्या. त्यांचं असं मोकळं हसणं मी प्रथमच ऐकलं. "ह्यी रांग सरळ ने. आता दुसरी." तासाभरात मी तो अख्खा तुकडा लावून काढला. माझी बोटं आखडली. शेवटी त्या म्हणाल्या, "आता त्याचं मन भरलं आसंल."

त्याचं. बोटं माझी, आणि मन त्याचं भरलं!

आषाढात सासूबाई स्वतः पासलीला गेल्या, भावाच्या लावणीला. गुडघा धरलेला असतानाही दरवर्षी जातात. मी त्यांना फाट्यावर एसटीत बसवून दिलं. चार दिवस फोन नाही. पासलीत रेंज फक्त देवळामागच्या चढावर येते. पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. मी धावत जाऊन उचलला.

"गॅस बंद करतीस ना?"

"हो आई."

"म्हशीला पेंड घातली?"

"घातली आई."

वारा घोंगावत होता. मी थांबले. मला वाटलं, आता विचारतील. एकटी आहेस, कशी आहेस, एवढं तरी.

"आन त्यो बरा हाय ना? त्याला जप गं..." आणि रेंज गेली.

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. मी काय करणार आहे हे मला चांगलं माहीत होतं. खेळात एक दोरांचा पूल आहे. मी महिनाभर तो टाळत होते, कारण तिथे शत्रू मागे लागतात आणि कुणीतरी एकानं थांबून त्यांना अडवावं लागतं. खेळ विचारतो, तू थांबतेस की त्याला थांबवतेस? आपण थांबलो तर लढाई अवघड आहे, पण जमू शकते. त्याला थांबवलं तर तो कायमचा जातो.

मी त्याला थांबवलं.

मला वाटलं होतं, निदान आता तरी काही वेगळं बोलेल, शापबिप देईल. त्यानं भाला आडवा धरला आणि म्हणाला, "वाट ओली आहे, पाय जपून टाक." मग धूर झाला. पुलाच्या या टोकाला माझी बाई एकटी उभी राहिली. खेळानं सगळं आपोआप जतन करून टाकलं होतं, मागे परतायची सोय उरली नव्हती. पाच मिनिटं मला फार छान वाटलं. सहाव्या मिनिटाला मी उगीचच गोठ्यात गेले आणि म्हशीपाशी उभी राहिले.

सासूबाई नवव्या दिवशी आल्या. पिशवीत तांदूळ, बोटांची टोकं चिखलपाण्यानं अजून पांढरी पडलेली. चहा झाला. दुपारी त्यांनी लसणाची टोपली घेतली आणि माझ्या खुर्चीमागे चटई टाकली. मी लॅपटॉप उघडला, कारण न उघडणं जास्त अवघड होतं. पडद्यावर माझी बाई माळावर चालत होती.

"त्यो कुठाय?"

"गावी गेला," मी म्हणाले. "भावाकडे." एका अर्थानं ते खोटंही नव्हतं.

"लावनीला?"

"हो."

"जाताना काय म्हनला?"

"वाट ओली आहे म्हणाला. पाय जपून टाक म्हणाला."

"गुनाचा हाय." लसणाचा चरचर आवाज थोडा वेळ चालला, मग थांबला. "मंग आता तुज्या पाठीकडं कोन बघनार?"

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हंजी काय? यवढ्या रानात तू एकटीच हिंडतीस. त्यो मागं हुता म्हून मला घोर नव्हता. त्यो उपाशी ऱ्हायला, थकला, तर तुला कोन सांबाळनार? म्हून तर रोज इचारायची म्या." टोपलीत पाकळ्या पडल्याचा आवाज आला. "हितलं म्या बघते. पर तितं मला कुठं येता येतंय?"

माझे हात बटणांवरच राहिले. त्या पहिल्या दिवसापासून पडद्यावरच्या बाईला 'तू' म्हणत होत्या आणि मी ते खेळातलं बोलणं समजत होते. हितलं म्या बघते. ज्या दिवशी त्यांनी मला परातीवरून उठवलं, त्या दिवशी सकाळपासून माझी कंबर धरली होती. मी कुणाला बोलले नव्हते. परातीशी बसले होते ती दाराकडे पाठ करून, आणि त्या मागून आल्या होत्या. एवढ्या दुपारी झाल्या, शेजारी भरपूर जागा होती, तरी चटई दरवेळी खुर्चीच्या मागेच पडली होती.

आणि त्यांनी माझ्यासाठी जो माणूस नेमला होता, त्याला मी पुलावर सोडून आले होते.

"बोलंनास का गं?" त्यांनी विचारलं. "आज गप का?"

मी मागे वळले नाही. तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. मी ताठ बसायचा प्रयत्न सोडून दिला. खांदे पडले होते तसेच पडू दिले, आणि पाठ होती तशीच ठेवली, त्यांना नीट दिसावी म्हणून.